सरकी, वांगं आणि पुडक्यावरची रिकामी जागा

जूनच्या पहिल्या आठवड्यात विदर्भातल्या कुठल्याही कृषी सेवा केंद्रात जाऊन कपाशीच्या बियाण्याची पिशवी हातात घेऊन पाहावी. वाणाचं नाव, उगवणशक्तीची टक्केवारी, लॉट नंबर, वैधतेची मुदत आणि किंमत तर तिच्यावर छापलेली असतेच. शिवाय बियाण्यात कोणतं परकं जनुक घातलं आहे तेही असतं. क्राय-१-एसी, क्राय-२-एबी ही नावं वाचताना दहावीपर्यंत शिकलेला शेतकरीही आता अडखळत नाही. बांधाच्या कडेने लावायचं साधं, म्हणजे बीटी नसलेलं बियाणं कित्येक वर्षं त्याच पिशवीत वेगळ्या पुडीत मिळत असे, आणि ते कसं लावायचं याच्या सूचनाही सोबत असत. थोडक्यात, पेरणाऱ्याला सगळं सांगितलं जातं.

दिवाळीनंतर हीच कपाशी जिनिंगमध्ये जाते. एका क्विंटल कापसातून साधारण तिसरा हिस्सा रुई निघते आणि उरलेल्यात बहुतेक सरकी. सरकी तेलाच्या मिलवर जाते, तिच्यातून तेल निघतं आणि मागे ढेप राहते. ढेप म्हशीच्या घमेल्यात पडते. तेल शुद्ध होऊन डब्यात भरलं जातं. गुजरातेत तर फरसाणाच्या कढईत सरकीचं तेल पिढ्यान् पिढ्या आहे. तिथे त्याला कपासिया तेल म्हणतात. देशातल्या कपाशीच्या क्षेत्रापैकी नव्वद टक्क्यांहून अधिक क्षेत्र बीटी वाणांखाली आहे आणि सरकीच्या तेलाचं उत्पादन वर्षाला दहा लाख टनांच्या वर जातं. शेवेच्या पुडक्याच्या मागच्या बाजूला मात्र ‘खाद्यतेल (सरकी)’ असं काहीसं लिहून विषय संपतो. पेरणाऱ्याला जे सांगितलं गेलं, ते खाणाऱ्यापर्यंत येत नाही.

गेली दोन दशकं भारतात जीएम, म्हणजे जनुक-परिवर्तित, अन्नाबद्दल जी जनचळवळ चालली आहे, तिचा गाभा या दोन वेष्टनांमधल्या फरकात आहे. ‘जीएम अन्न विषारी आहे की नाही’ हा वाद वेगळा. तो प्रयोगशाळांत आणि शास्त्रीय नियतकालिकांत चालू राहील. जागतिक आरोग्य संघटनेची भूमिका अशी, की बाजारात मान्यता मिळून आलेल्या जीएम पदार्थांमुळे आरोग्याला धोका संभवत नाही, मात्र प्रत्येक वाणाची तपासणी स्वतंत्रपणे व्हायला हवी. हे मान्य करूनही एक प्रश्न शिल्लक राहतो: ताटात काय आहे हे ठरवण्याचा अधिकार कुणाचा? मिठाचं प्रमाण, साखरेचं प्रमाण, शाकाहाराचा हिरवा ठिपका ही सगळी माहिती ग्राहकाला द्यावी लागते. कांदा-लसूण न खाणाऱ्याला, उपवास करणाऱ्याला, शेंगदाण्याची ॲलर्जी असणाऱ्याला कुणी ‘आधी धोका सिद्ध कर, मग सांगू’ असं म्हणत नाही. लेबल हा आरोप नाही, ती माहिती आहे. या लेखाची बाजू एवढीच आहे आणि ती लपवण्याचं कारण नाही.

लढ्याला तोंड फुटलं ते वांग्यावरून. वांग्याची झाडं लावणाऱ्याला शेंडा आणि फळ पोखरणारी अळी काय चीज आहे हे सांगावं लागत नाही. अळी कोवळ्या शेंड्यात शिरते, शेंडा मान टाकतो. मग ती फळात शिरते, आणि आत गेली की फवारणी तिच्यापर्यंत पोचत नाही. म्हणून शेतकरी ती शिरण्याआधीच मारायला पाहतो, आणि हंगाम भरात असताना पंप आठवड्यात दोनदासुद्धा पाठीवर चढतो. जालन्याच्या महिको कंपनीने यावर जो उपाय काढला तो कपाशीतलाच होता: बॅसिलस थुरिंजिएन्सिस (बीटी) या मातीतल्या जिवाणूचं क्राय-१-एसी जनुक वांग्यात घालायचं, म्हणजे अळीला मारणारं प्रथिन झाडच तयार करील. महिकोचे संस्थापक बद्रीनारायण बारवाले हे संकरित बियाण्याच्या व्यवसायातलं मोठं नाव; १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला होता. महिकोत अमेरिकेच्या मोन्सँटोची २६ टक्के भागीदारी होती आणि २००२ साली देशात मंजूर झालेली बीटी कपाशी या दोघांच्याच संयुक्त प्रयत्नातून आली होती.

वांग्याच्या चाचण्या झाल्या, उंदरांना नव्वद दिवस खाऊ घालून निरीक्षणं नोंदवली गेली, अहवाल तयार झाले. पण ते पाहणार कोण? ग्रीनपीसने २००६ साली माहितीच्या अधिकारात जैवतंत्रज्ञान विभागाकडे ही आकडेवारी मागितली, तेव्हा व्यापारी गुपिताचं कारण पुढे आलं. प्रकरण केंद्रीय माहिती आयोगात गेलं आणि तिथून न्यायालयांत. अखेर २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने विषारीपणाच्या आणि ॲलर्जीच्या चाचण्यांची माहिती लोकांसमोर ठेवायला सांगितली. खाण्याच्या वस्तूची सुरक्षितता तपासणारे कागद हे गुपित असू शकत नाहीत, हा मुद्दा त्या दिवशी मान्य झाला. लेबलाच्या लढाईतली ही खरी पहिली जीत. पुडक्यावर काय लिहायचं हा प्रश्न नंतरचा. मुळात सरकारी फायलीत काय लिहिलं आहे ते तरी दिसलं पाहिजे.

त्याच वर्षी न्यायालयाने हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी व रेणवीय जीवशास्त्र केंद्राचे संस्थापक डॉ. पुष्पमित्र भार्गव यांना जीईएसीच्या, म्हणजे पर्यावरण मंत्रालयातल्या जनुकीय अभियांत्रिकी मंजुरी समितीच्या बैठकांना निरीक्षक म्हणून बसवलं. भार्गव हे आधुनिक जीवशास्त्र या देशात रुजवणाऱ्यांपैकी एक. त्यांच्यावर विज्ञानविरोधाचा शिक्का मारणं कुणालाच जमण्यासारखं नव्हतं. चाचण्या अपुऱ्या आहेत, आणि ज्या आहेत त्या कंपनीनेच केलेल्या किंवा करवून घेतलेल्या आहेत, हे ते समितीत आणि समितीबाहेर सांगत राहिले. तरीही १४ ऑक्टोबर २००९ रोजी जीईएसीने बीटी वांग्याला हिरवा कंदील दाखवला.

यानंतर जे घडलं त्याला भारतीय प्रशासनात फारसं पूर्वोदाहरण नाही. तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी समितीचा निर्णय तसाच पुढे न रेटता लोकांना विचारायचं ठरवलं. १३ जानेवारी ते ६ फेब्रुवारी २०१० या काळात कोलकाता, भुवनेश्वर, अहमदाबाद, नागपूर, चंदीगड, हैदराबाद आणि बंगळूर अशा सात शहरांत जाहीर सुनावण्या झाल्या. सुमारे आठ हजार लोक आले. शेतकरी, शास्त्रज्ञ, ग्राहक संघटना, डॉक्टर, बियाणे कंपन्यांची माणसं, सेंद्रिय शेतीवाले, विद्यार्थी असे सगळ्या प्रकारचे लोक एकाच सभागृहात बसले. घोषणा झाल्या, आरडाओरडा झाला, मंत्र्यांचा आवाजही चढला. नागपूरची सुनावणी २७ जानेवारीला झाली. तिथे वांग्याइतकाच कापूसही बोलला जाणार हे उघड होतं, कारण विदर्भाला बीटीचा अनुभव तोवर सात-आठ हंगामांचा झाला होता. बोंडअळीवरच्या फवारण्या वाचल्या म्हणून बीटीला दुवा देणारे शेतकरी याच विदर्भात होते आणि कोरडवाहू जमिनीत महागडं बियाणं अंगाशी आलं असं सांगणारेही याच विदर्भात होते.

९ फेब्रुवारी २०१० रोजी मंत्र्यांनी निर्णय दिला: घाई करण्यासारखं काही नाही, शास्त्रज्ञांत एकमत नाही, राज्य सरकारं साशंक आहेत; स्वतंत्र अभ्यासांनी लोकांचं आणि तज्ज्ञांचं समाधान होईपर्यंत बीटी वांग्याला स्थगिती. त्याच वर्षी जीईएसीच्या नावातला ‘मंजुरी’ हा शब्द जाऊन ‘मूल्यमापन’ हा शब्द आला. स्थगिती आजही उठलेली नाही. शेजारच्या बांगलादेशाने २०१३ साली याच जनुकाचं वांगं मंजूर केलं, २०१४च्या सुरुवातीला वीस शेतकऱ्यांना रोपं दिली, आणि तिथल्या अभ्यासांत कीटकनाशकांचा खर्च लक्षणीय घटल्याचं दिसलं. हेही वाचकांसमोर यायला हवं. ज्याला माहितीचा हक्क मागायचा आहे त्याने आपल्या बाजूला न सोयीची माहिती दडपून चालत नाही.

वांग्याच्या भांडणातला एक धागा मराठी वाचकाला जवळचा आहे. बीटी जनुक फक्त कंपनीच्या संकरित वाणांत घातलं गेलं नव्हतं. धारवाडच्या कृषी विद्यापीठाने ते सहा स्थानिक वाणांत आणायचं काम घेतलं होतं, आणि त्यांत उडुपी गुळ्ळाबरोबर मांजरी गोटाही होता. पुण्याच्या पूर्वेच्या मांजरीचं नाव लावणारं हे जांभळं, पांढऱ्या पट्ट्यांचं गोल वांगं भरल्या वांग्यासाठी किती घरांत शोधलं जातं ते सांगायला नको. बंगळूरच्या एका संस्थेने तक्रार केली की स्थानिक वाण वापरताना जैवविविधता कायद्यानुसार लागणारी परवानगी घेतलेली नाही. राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाने कारवाईचा निर्णय घेतला आणि प्रकरण वर्षानुवर्षं न्यायालयांत रेंगाळलं. जळगावची भरताची वांगी, गोव्यातलं आगशीचं वांगं यांना आज भौगोलिक मानांकन आहे, म्हणजे वांगं कुठल्या मातीतलं हे सांगण्याची सोय कायद्याने केली आहे. मग त्याच्या पेशीत काय आहे हे सांगण्याची सोय करणं अशक्य का असावं?

पण इथेच खरी अडचणही आहे. वांगं पुडक्यात येत नाही. ते आठवडी बाजारात गोणपाटावर, हातगाडीवर, सोसायटीच्या दारात पाटीत येतं. बाजार समितीत दहा गावांचा माल एका ढिगात पडतो. लेबल चिकटवायचं कुठे? अमेरिकेत किंवा युरोपात लेबलाची मागणी करणाऱ्यासमोर हा प्रश्न इतक्या तीव्रपणे येत नाही. आपल्याकडे तो सगळ्यात आधी येतो, आणि म्हणूनच इथल्या चळवळीने ‘आधी मंजूर करा, मग लेबल लावू’ हे उत्तर कधी स्वीकारलं नाही. सुट्या मालासाठी नियम काय, हे ठरल्याशिवाय मंजुरी दिली तर निवडीचा हक्क कागदावरच राहणार.

कागदावरचा हक्क कसा असतो त्याचा नमुना २०१३ सालीच मिळाला. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने वैधमापनाच्या वेष्टित वस्तूंच्या नियमांत दुरुस्ती केली आणि १ जानेवारी २०१३ पासून जनुक-परिवर्तित अन्न असलेल्या प्रत्येक पुडक्याच्या दर्शनी भागावर, अगदी वरच्या बाजूला ‘जीएम’ ही अक्षरं छापणं बंधनकारक झालं. चळवळीला आनंद व्हायला हवा होता. पण २००६च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्याचं कलम २२ सांगतं, की नियम केल्याशिवाय जीएम अन्न बनवता, विकता किंवा आयात करता येत नाही. ते नियम झालेलेच नव्हते. म्हणजे जो प्रामाणिकपणे ‘जीएम’ छापील तो स्वतःच्या गुन्ह्याचा कबुलीजबाब छापणार, आणि जो छापणार नाही त्याला विचारायला कुणी येणार नाही. एक खातं लेबल लावा म्हणतं, दुसऱ्या खात्याच्या कायद्यात ती वस्तूच बेकायदा. अशा कायद्याखाली कुणी लेबल लावलं असतं तरच नवल.

दरम्यान परदेशातून तेल येतच होतं. जीईएसीने २००७ सालीच जीएम सोयाबीनपासून काढलेल्या शुद्ध तेलाच्या आयातीला मान्यता दिली होती. अर्जेंटिना आणि ब्राझीलमधलं बहुतेक सगळं सोयाबीन जीएम आहे आणि अलीकडच्या वर्षांत भारत दरवर्षी तीस लाख टनांहून अधिक सोयाबीन तेल आयात करतो, त्यातलं बरंचसं तिथूनच. या तेलाची प्रयोगशाळेत तपासणी करून फारसं काही हाती लागत नाही. शुद्धीकरणात डीएनए आणि प्रथिनं जवळजवळ नाहीशी होतात. म्हणून लेबलाच्या वादात एक कळीचा मुद्दा उभा राहतो: पदार्थात जे सापडतं तेच सांगायचं, की पदार्थ कशापासून बनला तेही सांगायचं? युरोपीय संघाने दुसरा मार्ग घेतला. २००३च्या नियमांनुसार तिथे जीएम पिकापासून बनलेलं तेलही लेबलाखाली येतं, तपासणीत काही सापडो वा न सापडो, आणि अपघाताने मिसळलेल्या अंशाला ०.९ टक्क्यांपर्यंतच सूट मिळते. त्यासाठी शेतापासून दुकानापर्यंत कागदांची साखळी ठेवावी लागते. अमेरिकेने पहिला मार्ग घेतला.

अमेरिकेची गोष्ट थोडी सविस्तर सांगण्यासारखी आहे, कारण तिथे हा प्रश्न थेट मतपेटीत गेला. कॅलिफोर्नियात नोव्हेंबर २०१२ मध्ये ‘प्रस्ताव ३७’वर मतदान झालं. लेबल नको म्हणणाऱ्या बियाणे आणि खाद्यपदार्थ कंपन्यांनी साडेचार कोटी डॉलरहून अधिक रक्कम प्रचारावर ओतली आणि प्रस्ताव ५१.४ विरुद्ध ४८.६ टक्क्यांनी पडला. मग व्हर्मांट या सहा लाख लोकवस्तीच्या राज्याने स्वतःचा कायदा केला. तो १ जुलै २०१६ रोजी लागू झाला, आणि जेमतेम चार आठवड्यांत, २९ जुलैला, राष्ट्राध्यक्ष ओबामांच्या सहीने केंद्रीय कायदा येऊन तो निष्प्रभ झाला. केंद्रीय कायद्यात ‘जीएम’ शब्दच गेला, ‘बायोइंजिनिअर्ड’ आला. अपघाती मिश्रणाची सूट पाच टक्के झाली. ज्यात परका डीएनए सापडत नाही असं शुद्ध तेल वगळलं गेलं. आणि लेबलाऐवजी मोबाइलने वाचायचा क्यूआर कोडही चालेल असं ठरलं. भाजी घ्यायला आलेल्या म्हाताऱ्या बाईने प्रत्येक डब्यासमोर मोबाइल धरावा ही अपेक्षा ठेवणाऱ्या कायद्याला माहिती देणारा कायदा म्हणवत नाही.

व्हर्मांटच्या त्या अल्पायुषी कायद्याने मात्र एक मोलाची गोष्ट दाखवून दिली. व्हर्मांट विद्यापीठाच्या जेन कोलोडिन्स्की आणि पर्ड्यू विद्यापीठाचे जेसन लस्क यांनी लेबल येण्याआधीची आणि आल्यानंतरची जनमतं तपासली. लेबलामुळे लोक घाबरतील, असं कंपन्या सांगत होत्या. उलट घडलं: देशातल्या इतर भागांच्या तुलनेत व्हर्मांटमध्ये जीएम अन्नाला असलेला विरोध १९ टक्क्यांनी कमी झाला. सांगितलं की विश्वास वाढतो. ‘लेबल लावलं तर तंत्रज्ञान मरेल’ असं म्हणणाऱ्या इथल्या तज्ज्ञांनी हा अभ्यास एकदा वाचावा.

आपल्याकडे २०१८ साली दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने बाजारातले ६५ खाद्यपदार्थ तपासले. ३२ टक्के नमुन्यांत जीएम अंश सापडला, त्यातले बहुतेक आयात केलेले. देशात जीएम अन्न नाही असं सांगणाऱ्यांना ही चपराक होती. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने त्यानंतर हालचाल केली: २०२० साली २४ पिकांच्या आयातमालासोबत ‘जीएम नाही’ असं प्रमाणपत्र मागितलं, आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये जीएम अन्नाच्या नियमांचा मसुदा काढला. एक टक्क्याहून अधिक अंश असेल तर लेबल, असं त्यात होतं. देशभरातून हरकतींचा पाऊस पडला. चळवळीचं म्हणणं असं, की स्वतंत्र दीर्घकालीन चाचण्यांची अट नसलेला हा मसुदा म्हणजे लेबलाच्या आडून मागच्या दाराने मंजुरी आहे. २०२२ मध्ये सुधारित मसुदा आला आणि नंतर गाडी पुन्हा अडली.

याच २०२१च्या ऑगस्टमध्ये मराठवाड्याला या विषयाची झळ बसली. कोंबडीखाद्य महागलं म्हणून केंद्राने १२ लाख टन जीएम सोयापेंड आणायला परवानगी दिली. माल न्हावा शेवा बंदरात आणि बंगालच्या पेट्रापोल सीमेवर उतरवायचा होता. पेंडीत जिवंत बी नाही, म्हणून पर्यावरण मंत्रालयाची हरकत नाही, असा युक्तिवाद झाला. लातूरच्या बाजारात तेव्हा सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या आसपास होतं. काही आठवड्यांत भाव कोसळला. नवीन आवक हेही त्यामागचं कारण होतं. पण ऐन काढणीच्या तोंडावर आलेल्या त्या निर्णयाचा राग शेतकऱ्याच्या मनातून गेला नाही. भारतीय सोयापेंडीला परदेशात मागणी मिळते ती ती जीएम नसल्यामुळे. ज्या गुणासाठी परदेशी ग्राहक जास्त पैसे मोजतो, तो गुण देशातल्या ग्राहकाला सांगायची सोय नाही, आणि आयात पेंड खाल्लेल्या कोंबडीची अंडी नाक्यावरच्या दुकानात कुठल्याही खुणेशिवाय विकली जातात.

शेतकऱ्यांची दुसरी बाजूही महाराष्ट्रातूनच उठली आहे. १० जून २०१९ रोजी अकोट तालुक्यातल्या अकोली जहांगीर गावात शेतकरी संघटनेच्या शेकडो कार्यकर्त्यांनी तणनाशक सहन करणारी बंदी असलेली कपाशी जाहीरपणे लावली. पाच वर्षांपर्यंतच्या कैदेची आणि एक लाखाच्या दंडाची तरतूद माहीत असून ते मातीत उतरले. संघटनेचे संस्थापक शरद जोशी यांनी दिलेल्या तंत्रज्ञान-स्वातंत्र्याच्या विचाराचा हा सत्याग्रह होता. निंदणीला मजूर मिळत नाहीत, मिळाले तर परवडत नाहीत, ही त्यांची व्यथा खोटी नाही. पण चोरून विकल्या जाणाऱ्या बियाण्याचा सर्वांत मोठा तोटा त्याच शेतकऱ्याला होतो: पिशवीवर छापलेलं खरं की खोटं हे त्याला कळत नाही आणि बी उगवलं नाही तर तक्रार करायला पावती नसते. त्याच वर्षी हरियाणातल्या फतेहाबाद जिल्ह्यात बीटी वांगं बेकायदा लावल्याचं उघडकीला आलं. ते पीक बाजारात किती गेलं, कुणी खाल्लं, याचा माग काढायला यंत्रणाच नव्हती. पेरण्याचं स्वातंत्र्य मागणारा शेतकरी आणि जाणून घेण्याचा हक्क मागणारा ग्राहक हे एकमेकांचे शत्रू नाहीत. नोंद नसलेला, बेनामी माल दोघांनाही बुडवतो.

२३ जुलै २०२४ रोजी जीएम मोहरीच्या मंजुरीला आव्हान देणाऱ्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या खंडपीठाचा निकाल विभागून आला. न्या. बी. व्ही. नागरत्ना यांनी मोहरीची मंजुरी रद्दबातल ठरवली, न्या. संजय करोल यांनी ती वैध मानली. मात्र दोघांचं दोन गोष्टींवर एकमत झालं: केंद्राने शेतकरी, राज्यं, शास्त्रज्ञ, ग्राहक अशा सगळ्यांना विचारून राष्ट्रीय धोरण आखावं, आणि आयात होणाऱ्या जीएम खाद्यतेलाला अन्न सुरक्षा कायद्याचं कलम २३, म्हणजे वेष्टन आणि लेबलाची तरतूद, लागू करावी. तंत्रज्ञानाबद्दल टोकाची मतभिन्नता असलेल्या दोन न्यायमूर्तींना लेबलाबद्दल मतभेद नव्हता, हे निकालातलं सर्वांत बोलकं पान आहे.

पुढचा प्रश्न दारात आला आहे. ४ मे २०२५ रोजी केंद्राने जनुक-संपादित भाताच्या दोन वाणांची घोषणा केली: ‘डीआरआर धान १००’ ऊर्फ कमला आणि ‘पुसा डीएसटी राइस १’. यांत दुसऱ्या जिवाचं जनुक नाही. भाताच्याच जनुकात नेमका बदल केलेला आहे. म्हणून २०२२च्या आदेशानुसार अशा वाणांना जीईएसीच्या तपासणीतून सूट आहे. शास्त्राच्या अंगाने ही सूट समजू शकते. पण हा तांदूळ बाजारात आला तर गोणीवर काय लिहायचं, याचा एकही नियम आज अस्तित्वात नाही, आणि अमेरिकेबरोबरच्या व्यापार वाटाघाटींत मका आणि सोयाबीनची दारं उघडण्याचा दबाव आहे तो वेगळाच. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने आता मसुदा पुन्हा काढावा आणि त्यात चार गोष्टी ठेवाव्यात: तेलासह प्रत्येक पदार्थाचा उगम सांगण्याची सक्ती, सुट्या मालासाठी बाजार समितीत लॉटनिहाय नोंद आणि दुकानात फलक, जिल्ह्याला नमुना पाठवता येईल अशी तपासणीची सोय, आणि लेबल मराठी-हिंदीत, वाचता येईल अशा अक्षरात. कपाशीच्या पिशवीवर हे सगळं छापायला कंपन्यांना दोन दशकांत कधी जड गेलेलं नाही.